दहाव्या माणसाची वाट

कोविशील्ड या कोविड लसीची कुपी अंगठ्याएवढी. आत पाच मिलिलिटर औषध, माणशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे दहा जणांची लस. रबरी बुचातून पहिली सुई आत गेली की घड्याळ सुरू होतं. चार तासांत दहा दंड मिळाले तर ठीक, नाहीतर उरलेली लस कचऱ्यात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी २०२१ चं अख्खं वर्ष या दोन आकड्यांवर काढलं. टोचायला पाच सेकंद लागतात, त्या सांगतात. दिवस जातो तो माणसं मोजण्यात.

सकाळी आठला आयएलआरचं झाकण उघडतं. भिंतीत बर्फाचं अस्तर असलेला हा फ्रीज वीज गेली तरी बरेच तास २ ते ८ अंशांत राहतो, आणि गावातल्या विजेचा कारभार पाहता त्याची खरी किंमत तेवढ्यासाठीच. तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. शेजारच्या डीप फ्रीझरमधून आइसपॅक निघतात, पण लगेच डब्यात जात नाहीत. ते टेबलावर मांडून त्यांना घाम फुटू द्यावा लागतो. पॅक कानाशी धरून हलवला आणि आत पाणी खुळखुळलं, की तो तयार. दगडासारखा गोठलेला पॅक तसाच लावला तर शेजारची लस गोठते, आणि गोठलेली लस उन्हात विसरलेल्या लसीइतकीच निकामी. चार बाजूंना चार पॅक, मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कुप्या, वर स्पंज. हा निळा डबा पोलिओच्या रविवारांमुळे सगळ्या गावाच्या ओळखीचा आहे. या वेळी तो मोठ्यांसाठी निघाला, एवढाच फरक.

या केंद्राला एक गंमत चिकटलेली आहे. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे पहिले तीन ट्रक नारळ फोडून विमानतळाकडे निघाले, तो कारखाना याच सोलापूर रस्त्याजवळ, हडपसर-मांजरीला. गाडीने फार तर दीड-दोन तास. लस देशभर गेली, परदेशात गेली. कारखान्याच्या वाटेवरच्या या केंद्रात मात्र एप्रिलमध्ये फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं : ‘आज लस नाही.’

मार्चमध्ये पहिल्यांदा आले ते साठीच्या पुढचे. एक आजी आल्या, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सिस्टरांनी डावा दंड उघडायला सांगितला, तर त्यावर आधीच दोन गोल खळगे होते. देवीचे. आजींनी ते बोटाने दाखवले आणि देवी डॉक्टर गावात यायचा तेव्हाची हकिकत सुरू केली. तो वेशीत दिसला की पोरं रानात पळायची. त्यांना स्वतःला आईने कणगीत लपवलं होतं, पण शिंक आली आणि घात झाला. ‘तवा लपले, आता आपल्या पायानं आले. टोच बाई.’ गोष्ट संपण्याआधी सिस्टरांची सुई बाहेर आली होती. ‘चोळू नका, आजी,’ एवढंच त्या म्हणाल्या. आजींनी चोळलंच.

देवीच्या लसीची भारतातली पहिली नोंद मुंबईची आहे. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला ती टोचली गेली. त्याआधी युरोपातून धाग्यांवर वाळवून पाठवलेली लस वाटेतल्या उन्हात मरून जायची. शेवटी बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ती जिवंत पोचली. अ‍ॅनाच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस मुंबईतल्या आणखी पाच मुलांना दिली गेली आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. तेव्हा कुपी नव्हती, आइसपॅक नव्हता. माणसाचा दंड हीच कुपी, आणि पुढचा दंड आठवडाभरात मिळाला नाही तर साखळी तुटायची. माणसं वेळेत गोळा करायची कटकट लसीइतकीच जुनी आहे.

टोचून घेतलं की अर्धा तास बसायचं. वऱ्हांड्यात खुर्च्या अंतरावर मांडलेल्या, टेबलावर अ‍ॅड्रिनॅलिनसह औषधांची पेटी. कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी आलीच तर ती बहुधा या अर्ध्या तासात दिसते, म्हणून कुणालाही सूट नव्हती. इथेच खरी चर्चासत्रं झडली. मटण चालेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जायचा आणि तो बसण्याविषयी असायचा, खुर्चीवर नव्हे. ताप आला तर ‘लस लागली’ हा गावाचा निकाल. ज्यांना ताप आला नाही ते दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करायचे की आम्हाला नुसतं पाणी टोचलं.

मग १ मे उजाडला. १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन पोर्टलवर स्लॉट उघडले की मिनिटा-दोन मिनिटांत संपत. पुण्यातली चलाख मुलं टेलिग्रामवरच्या सूचना पाहून बोट तयार ठेवून बसलेली असत. पुण्यात जागा नाही तर जिल्ह्यात कुठेही. केंद्रासमोर बाभळीच्या सावलीत एमएच-१२ च्या गाड्या लागल्या. पाण्याच्या बाटल्या, सनग्लासेस, मोबाइलवर चार अंकी गुप्त कोड. आणि फाटकाबाहेर गावातली त्याच वयाची पोरं, ज्यांच्याकडे ना स्लॉट, ना स्लॉट पकडण्याइतकी रेंज. त्यांच्यामागे पंचेचाळीसच्या पुढच्यांची वेगळी रांग. पहाटे चारपासून तिच्यात माणसांच्या जागी चपला, पिशव्या आणि दगड उभे. लस आमच्या गावची आणि टोचून जाणार कोथरूडचे, असा सरळ हिशेब मांडून एका सकाळी फाटकावर बाचाबाची झाली. त्यात चूक कुणाची म्हणायची? गाडीवाल्याने नियम मोडला नव्हता. नियमच मोबाइलवाल्यासाठी केलेला होता.

त्या गर्दीतही दहावा माणूस कमी पडला, ही त्या दिवसांतली सगळ्यात विचित्र गोष्ट. स्लॉट घेतलेला कुणी तरी उगवायचाच नाही. त्याला शहरात जवळचं केंद्र मिळालेलं असे. कुपी फोडलेली, नऊ जण झालेले, बाहेर शंभर माणसं, आणि दहावा डोस द्यायचा कुणाला, तर यादीत नाव नाही. सिस्टर घड्याळाकडे बघायच्या आणि वैद्यकीय अधिकारी वरच्या कार्यालयाला फोन लावायचे. महाराष्ट्राने मेच्या दुसऱ्या आठवड्यात १८ ते ४४ या गटाचं लसीकरणच थांबवलं आणि ती लस दुसऱ्या डोससाठी वळवली. २४ मे रोजी केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांची नोंदणी मान्य केली; तिचं एक कारण हेच दिलं होतं, की न आलेल्या माणसांमुळे डोस वाया जातात. फाटकाबाहेरच्या पोरांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

वाया जाण्याची तरतूद कागदावर आधीपासून होती. लसीची मागणी ठरवताना १० टक्के नासाडी गृहीत धरलेली. पण कुपी भरताना थोडं जास्त भरलेलं असतं, आणि हात बसलेली नर्स सिरिंजमध्ये हवा न घेता, थेंब न सांडता त्यातून अकरावा डोस काढू शकते. मेच्या सुरुवातीला केरळने जाहीर केलेले आकडे पाहण्यासारखे आहेत : मिळालेले डोस ७३,३८,८०६, दिलेले डोस ७४,२६,१६४. मिळाले त्यापेक्षा जास्त दिले! पंतप्रधानांनी कौतुक केलं. आमच्या सिस्टरांनाही अकरावा निघायचा, पण त्याबद्दल त्या कमी बोलतात. अकरावा निघणं ही कसब दाखवायची गोष्ट खरी, पण त्यालाही अकरावा माणूस लागतोच.

पावसाळा संपेपर्यंत चित्र उलटं झालं. आयएलआर भरलेला, वऱ्हांडा रिकामा. ज्यांना घाई होती ते घेऊन मोकळे झाले होते. उरले ते घाबरलेले, कंटाळलेले किंवा कामात बुडालेले. ऑक्टोबरच्या ८ ते १४ तारखांना राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ काढलं. नाव चांगलं होतं, फक्त कर्णाकडून कवच मागून नेलं होतं आणि इथे ते घ्या म्हणून दारोदार फिरावं लागत होतं. फिरणार कोण, तर आशाताई. याच आशांनी जूनमध्ये मानधनासाठी राज्यभर संप केला होता, सुमारे ७० हजार जणींनी.

मुंबईत दादरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या-बसल्या लस मिळाली, नंदुरबारात नर्मदेच्या पाण्यातून बोटीने गेली, नोव्हेंबरमध्ये पालघरच्या जव्हारहून झाप गावाला ३०० डोस ड्रोनने काही मिनिटांत उतरले. त्या सगळ्यांचे फोटो आले. ड्रोन उतरल्यावर पुढे घराघरापर्यंत कोण चालत गेलं, त्याचा फोटो पाहिल्याचं आठवत नाही.

नोव्हेंबरात साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांनी माळावर कोप्या घातल्या. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, म्हणून सिस्टर आणि आशाताई निळा डबा घेऊन दुपार कलल्यावर गेल्या. आशाताईंनी सकाळीच फिरून दहा नावं पक्की केली होती. नावं पक्की झाल्याशिवाय कुपी फोडायची नाही, हे त्या आता सिस्टरांइतकंच जाणून होत्या. नऊ जण ओळीने झाले. दहावी बाई उठेना. तिच्या नवऱ्याने नुकतीच घेतली होती, अजून दंड धरून उभा होता. तिला लसीची भीती नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांनाही रात्री ताप आला तर उद्याची तोड बंद, आणि तोड बंद म्हणजे खाडा. उचल फिटायची ती त्याच हजेरीतून. ‘आज ह्यांची झाली. माजी आठ दिसांनी,’ ती म्हणाली. मुकादमाने मान डोलावली. त्याची स्वतःची गावाकडेच झाली होती.

आशाताई शेजारच्या चार कोप्या हिंडून आल्या. कुणाची आधीच झालेली, कुणी ट्रॅक्टरवर, एक बाई पोटुशी आणि नवरा घरात नाही म्हणून हो म्हणेना. साडेसहाला चार तास भरले. सिस्टरांनी कुपी बाजूला काढली आणि मोबाइलच्या उजेडात रजिस्टर भरलं : दिलेले डोस ९, वाया १.

पुढच्या आठवड्यात ती दहावी बाई स्वतः चालत केंद्रावर आली. त्या दिवशीच्या कुपीत तिचा नंबर तिसरा होता.