उड्डाणाआधीची परीक्षा

गाडीची किल्ली फिरवली की निघता येते. सेस्ना १७२ या चार आसनी विमानाचे तसे नाही. १९५६पासून या जातीची ४० हजारांहून अधिक विमाने बनली आणि जगभरात असंख्य वैमानिक तिच्यावरच शिकले.

इंजिन सुरू करण्याआधी वैमानिक खिडकीतून ‘क्लिअर प्रॉप!’ असे ओरडतो. पंख्याजवळ कुणी नाही ना, याची खात्री करतो. इंजिन धडधडू लागताच नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही, तर इंजिन लगेच बंद!

जमिनीवर विमान हाताने नव्हे, पायाने वळते. पेडल दाबले की पुढचे चाक वळते, पेडलच्या वरच्या टोकाने ब्रेक लागतात. विमान हलताच पहिली चाचणी ब्रेकचीच.

खरी परीक्षा धावपट्टीच्या तोंडाशी. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी बंद पडली तरी ते काम करतात. सेस्ना १७२एन या उपप्रकारात इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर नेऊन एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. फेऱ्या थोड्या घटायलाच हव्यात. मुळीच घटल्या नाहीत, तर बंद केलेला मॅग्नेटो प्रत्यक्षात चालूच असण्याची शक्यता असते. अशा विमानाचा थांबलेला पंखा हाताने फिरवला, तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते.

घट १२५ फेऱ्यांहून जास्त झाली, किंवा दोन मॅग्नेटोंमधला फरक ५०च्या वर गेला, तर उड्डाण रद्द करून विमान तंत्रज्ञाकडे परत न्यावे लागते.