ई-स्कूटर घरी आली की लगेच पिन खोचू नका. उन्हाळ्यात आधी बॅटरी निवू द्या

जळगाव, भुसावळ, रावेर, यावल भागात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. अशा उन्हात तालुक्याच्या गावाहून ई-स्कूटरवर घरी यायचं, गाडी पत्र्याच्या पडवीत लावायची आणि लगेच चार्जरची पिन खोचायची, ही आता बऱ्याच घरांतली सवय झाली आहे. लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून घाई जास्तच. पण उन्हाळ्यात बॅटरीला सगळ्यात जड जाते ती हीच घाई.

गाडी चालताना बॅटरी आतून तापते आणि चार्ज होतानाही तापते. लिथियमचे बहुतेक सेल साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करावेत, असं सेल बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. डबलसीट, वर ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता, अशी वीस किलोमीटर पळून आलेली बॅटरी ही मर्यादा सहज ओलांडते. चांगल्या गाडीत बॅटरीचं तापमान पाहणारं सर्किट असतं. त्याला बीएमएस म्हणतात. बॅटरी फार गरम असेल तर ते चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. त्यामुळे दुपारी चार्जिंग अडलं म्हणजे गाडी बिघडलीच असं नाही. तासभर सावलीत उभी ठेवून पुन्हा बघा.

नुसत्या उन्हानं चांगली बॅटरी पेटत नाही, तिचं आयुष्य घटतं. पेटते ती बहुधा आधीच दुखावलेली बॅटरी: आपटलेली, पाणी शिरलेली, स्वस्तात जोडून घेतलेली किंवा भलत्याच चार्जरवर लावलेली. सेलच्या आत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो वितळला की सेल स्वतःच तापत जातो, शेजारच्यालाही तापवतो, आणि मग पिन काढूनही ते थांबत नाही.

मग चार्जिंग कधी करायचं? मोबाइलसारखी रात्रभर लावून ठेवायची, असा आपला हिशेब असतो. तो एकदा तपासून बघा. स्कूटरला 30-40 किलोमीटरला साधारण एक युनिट लागतं. घरगुती चार्जर 700-800 वॅटचा असेल, तर तेवढी भरपाई दीड-दोन तासांत होते. रोज तेवढंच फिरणं असेल तर रात्रभर लावण्याची गरजच नाही. पत्र्याच्या खोलीत रात्री दहालाही उकडत असतं. पहाटे पाचला हवा निवलेली असते, बॅटरीही निवलेली असते आणि घरातलं कुणीतरी जागं असतं. तेव्हा लावा, सातला काढा. लाइटचा भरवसाच नसेल तर रात्री जेवणानंतर लावा, पण झोपण्याआधी काढा.

जागेचं तर फारच मनावर घ्यायला हवं. 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. काढता येणारी बॅटरी उशाशी, गादीवर किंवा देवघराच्या कोपऱ्यात ठेवून चार्ज करू नका. खाली फरशी हवी, हवा खेळती हवी, ऊन नको. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: घराला दार एकच आणि गाडी त्याच दारात. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून? कडबा, सरपण, रॉकेलचा डबा, गॅसची टाकी यांच्याजवळही नको. गोठ्यात तर नकोच.

चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरा. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून गावातच लिथियमची बसवून घेतात आणि चार्जर मात्र जुनाच ठेवतात, हा प्रकार धोक्याचा आहे. दोन्हींचं व्होल्टेज आणि चार्ज संपवायची रीत वेगळी असते. चार्जरवर कापड टाकू नका. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जर नको. अर्थिंग असलेलं 15-16 अँपिअरचं सॉकेट वायरमनकडून बसवून घ्या. खर्च थोडाच येतो. पिन काळी पडत असेल, वायर हाताला चटका देत असेल, तर ते काम आजच करा.

नवीन गाडी घेताना बॅटरी ‘एआयएस-156’च्या सुधारित नियमांत बसते का, हे विचारा. हे नियम 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एलएफपी प्रकारची लिथियम बॅटरी उष्णतेला जरा जास्त टिकते, पण म्हणून ती उन्हात चार्ज करावी असं नाही.

बॅटरीची पेटी फुगली, उग्र वास आला, फुसफुस आवाज आला किंवा अचानक गाडी निम्मंच अंतर जाऊ लागली, तर चार्जिंग बंद करून सर्व्हिस सेंटरला दाखवा. धूर निघू लागला की बॅटरी उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न करू नका. तो धूर विषारी असतो. माणसं बाहेर काढा, जमलं तर मेन स्विच पाडा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. फोनवर ‘ई-स्कूटरची बॅटरी आहे’ हे आवर्जून सांगा. अशी आग विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते आणि ती थंड करायला बंबाला भरपूर पाणी लागतं.