अतिदक्षता विभागातील आकड्यांची एक भाषा

घरचे माणूस अतिदक्षता विभागात, म्हणजे ज्याला आपण सारे आयसीयू म्हणतो तेथे, ठेवावे लागले आहे अशी कुटुंबे या गावात थोडीथोडकी नाहीत. काचेआडून दिसणारे ते दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. खाटेच्या डोक्याशी मॉनिटरच्या पडद्यावर रेषा धावत असतात, व्हेंटिलेटर एका लयीत श्वास भरीत असतो आणि सिस्टर तासातासाला येऊन काही आकडे लिहून जाते. हे लिहिलेले पुढे कोठे जाते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात येतो. रोगी घरी गेला काय किंवा देवाघरी गेला काय, बहुतेक ठिकाणी त्याचे कागद गठ्ठ्यात बांधले जातात आणि गठ्ठा माळ्यावर जातो. हजारो रोग्यांनी सोसलेले आणि शेकडो परिचारिकांनी टिपलेले ज्ञान असे धूळ खात पडते. ते एकत्र करता येईल काय, आणि करायचे तर काय काय करावे लागते, हा आमचा आजचा विषय.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा सारा जन्म कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात आणि मालकांच्या हजेरीपटांतून खरी गोष्ट शोधून काढण्यात गेला. परंतु नोंदी कशा लिहिल्या जातात, कशा लपतात आणि कशा फसवतात, याचे थोडे शिक्षण त्या धंद्यात आपोआप होते.

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी एका आकड्याच्या वादातून झाला. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात माणसे श्वास थांबून मरत होती. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसे आणि त्याचा अर्थ तेथील डॉक्टर असा लावीत, की रक्तातील अल्कली काही गूढ कारणाने वाढली आहे. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितले की गूढ काही नाही. रोग्याचा श्वास पुरत नाही म्हणून वायू आत कोंडला आहे. आकडा तोच, अर्थ उलटा! मग श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबण्याचा उपाय सुरू झाला आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून त्या पिशव्या रात्रंदिवस दाबीत बसले. पुढच्याच वर्षी इब्सेनने अशा रोग्यांसाठी कायमचा विभाग उघडला.

सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तसा नमुनाच मांडला होता. परिषदेला तो पसंत पडला, काही रुग्णालयांनी वापरूनही पाहिला, पण तो सर्वत्र रुजला नाही. दिव्याच्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे तक्त्यांचे काम मात्र कोणी शाळेत शिकवीत नाही.

आता अडचण नेमकी कोठे आहे ती पाहू. अमेरिकेत बॉस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी ओळख पुसून जगापुढे ठेवल्या आहेत. ‘मिमिक’ या नावाने तो संग्रह प्रसिद्ध आहे. त्याच्या २०१६ साली जाहीर झालेल्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातील चाळीस हजारांवर रोगी आहेत. मध्यंतरी त्या रुग्णालयाने नोंदी ठेवण्याची संगणकयंत्रणा बदलली. त्यामुळे नाडीचा ठोका जुन्या यंत्रणेत २११ या क्रमांकाखाली आणि नव्या यंत्रणेत २२००४५ या क्रमांकाखाली बसला आहे. एकच इमारत, त्याच खाटा, तीच नाडी, आणि नावे दोन! ज्याला हे ठाऊक नाही तो अर्धेच रोगी मोजील आणि निष्कर्ष मात्र पुऱ्याचा काढील.

गिरण्यांतल्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. एकाच कामाला या गिरणीत एक नाव आणि पलीकडच्या गिरणीत दुसरे, एकाचा भाव वजनावर आणि दुसऱ्याचा वारावर. मग “आमची मजुरी कमी आहे” हे सिद्ध करायचे तरी कसे? १९४७ साली मुंबईच्या कापडगिरण्यांत औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा आधी कामांची नावे एका ओळीत बसवावी लागली. तुलना पुढची गोष्ट; आधी भाषा एक हवी.

नावानंतर येते माप. मूत्रपिंडाची तपासणी म्हणून क्रिएटिनिन मोजतात. आपल्याकडे ते मिलिग्रॅममध्ये लिहितात, युरोपात पुष्कळ ठिकाणी मायक्रोमोलमध्ये. आपला १ म्हणजे त्यांचे सुमारे ८८. रक्तातील साखरेला असाच १८ चा गुणक आहे. मापाचे नाव न लिहिता आकडे एकत्र केले, तर निरोगी माणूस मरणपंथाला लागलेला दिसेल. मग पद्धत. रक्तदाब दंडाला पट्टा बांधून घेतला की धमनीत सुई ठेवून, हे लिहिले पाहिजे, कारण दोहोंत फरक पडतो. मग वेळ: सिस्टरने दहा वाजता मोजले आणि घाईत असल्यामुळे अकरा वाजता लिहिले, तर खरी वेळ कोणती?

आमच्या एका सभासदाला एका लहान दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात हलवले, तेव्हा पहिल्या कागदावर लघवीच्या रकान्यात फक्त “पुरेशी” असा शेरा होता. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर विचारू लागले, पुरेशी म्हणजे किती? उत्तर देणारे कोणी नव्हते.

या साऱ्यावर उपाय म्हणून जगात दोन प्रकारची साधने तयार झाली आहेत. एक, शब्दकोश: प्रत्येक तपासणीला ठरलेला संकेतांक देणारा. इंडियानापोलिस येथील एका संस्थेने १९९४ साली सुरू केलेला ‘लॉइंक’ हा अशा कोशांपैकी एक. दुसरे, साचा: रोगी, भेट, मोजमाप, औषध यांचे तक्ते कसे असावेत हे ठरवणारा. ‘ओमॉप’ नावाचा साचा आज अनेक देशांत वापरतात. प्रत्येक रुग्णालय आपले आकडे आपल्याच घरी ठेवून या साच्यात ओतते. मग प्रश्न एकदाच लिहायचा, तो सगळीकडे पाठवायचा आणि फक्त उत्तरांची बेरीज आणायची. यात शहाणपण आहे, पण ओतताना काही सांडतेच. साच्यात खाना नसेल ती गोष्ट हरवते. कोरी जागा तर फारच फसवी. तपासणी केली नाही म्हणजे सर्व ठीक होते असे मानण्याची प्रथा जुन्या मूल्यमापनांत आहे. पण कित्येकदा यंत्र नव्हते, पैसे नव्हते किंवा माणूस नव्हता, म्हणून ती जागा कोरी असते. आपल्याकडे तर बहुधा असेच.

एवढा खटाटोप करून मिळते काय? बोटाला चिमट्यासारखे लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र करोनाच्या काळात घराघरांत पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक रुग्णालयांच्या एकत्र केलेल्या नोंदींत त्यांनी या यंत्राचा आकडा धमनीतील रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिला. यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू ८८ च्याही खाली, असे काळ्या रोग्यांत शंभरातील सुमारे १७ वेळा आढळले आणि गोऱ्या रोग्यांत सुमारे ६ वेळा. यंत्र वर्षानुवर्षे खाटेखाटेला लटकत होते आणि दोन्ही आकडे रोज लिहिले जात होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर ही गोष्ट आकड्यांत उभी राहिली. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने या बातमीने खडबडून जागे व्हावयास हवे होते.

त्याच वर्षी उलट धडाही मिळाला. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीने ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रोग्यांच्या नोंदी आपणापाशी असल्याचे सांगितले आणि ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित साप्ताहिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर लेख आला. स्वतंत्र तपासणीसाठी मूळ नोंदी मागितल्या तेव्हा त्या दाखवल्या गेल्या नाहीत आणि जूनमध्ये लेख मागे घ्यावा लागला. वह्या दाखवायला तयार नसलेल्या मालकाचा ताळेबंद कोणत्या युनियनने मानावा?

मात्र “वह्या उघडा” म्हणणाऱ्या आम्हांला दुसरी बाजूही दिसते. १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्स राज्यातील नाव काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदी आणि वीस डॉलरना मिळणारी मतदारयादी शेजारी ठेवून खुद्द गव्हर्नरांची नोंद ओळखून दाखवली. म्हणून मिमिकमध्ये प्रत्येक रोग्याच्या तारखा पुढच्या शतकात ढकलल्या आहेत, ८९ वर्षांवरील वये झाकली आहेत आणि संग्रह पाहणाऱ्याला शिक्षण घेऊन करारावर सही करावी लागते. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट आहे. ती एखाद्या विशिष्ट माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी वापरायची नाही, अशी त्यात अट आहे. अट चांगली आहे. पण दगडाच्या खाणीत फुप्फुसे गमावलेल्या कामगाराची नोंद विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडली, तर त्याला ते कळणार कसे, आणि त्याने दाद कोणाकडे मागायची, हे त्याला समजेल अशा मराठीत रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेले आम्ही अजून कोठे पाहिले नाही.

भारतातील अतिदक्षता विभागांची एक सामाईक नोंदवही २०१९ पासून चालू आहे. तीत आणखी रुग्णालये यावीत असे आम्हांला वाटते. विशेषतः तालुक्याची आणि जिल्ह्याची सरकारी रुग्णालये, कारण बॉस्टनच्या रोग्यांवरून बेतलेले अंदाज तेथील सर्पदंशाच्या किंवा विषबाधेच्या रोग्याला कितपत लागू पडतील याचा भरवसा नाही. परंतु वही भरणार कोण? एका सिस्टरकडे चार-चार गंभीर रोगी सोपवून वर आणखी रकाने तिच्याच माथी मारले, तर ती रात्री दोन वाजता मागच्या तासाचेच आकडे पुढे उतरवील, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही. नोंदीचे काम हे काम आहे. त्याला वेगळा माणूस, वेगळा वेळ आणि वेगळा पगार धरूनच रुग्णालयाचे अंदाजपत्रक मांडले पाहिजे, आणि नमुना ठरवणाऱ्या समितीत डॉक्टरांच्या शेजारी ती सिस्टरही बसली पाहिजे.