झापड निघाली, हिशेब आपल्याकडे आला

लेखमाला : इंजिनाची बुद्धी – लेखांक ६

गेल्या आठवड्यात इंजेक्टरचं काम पाहिलं. कॉम्प्युटर इशारा देतो, इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो आणि तेवढ्या वेळात जेवढं पेट्रोल जाईल तेवढं आत जातं. आज तो इशारा देणारा कॉम्प्युटरच काढायचा आहे आणि त्याच्या जागी बाहेरून घेतलेला, आतलं कोष्टक आपल्याला लिहिता येईल असा ईसीयू बसवायचा आहे.

गाडी घेतली आहे माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेत मियाता नावाने विकली गेलेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोघांपुरती जागा, उघडं छप्पर, वजन हजार किलोच्या आसपास, १.६ लिटरचं इंजिन आणि अमेरिकेतल्या मॉडेलला ११६ अश्वशक्ती. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही. तरीही उदाहरणाला हीच गाडी बरी, कारण हौशी लोकांनी तिची एकेक वायर शोधून, तपासून कागदावर उतरवून ठेवली आहे. शिवाय तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जेवढ्यास तेवढंच आहे, त्यामुळे कुठली गोष्ट कशासाठी आहे ते स्पष्ट दिसतं.

आधी माझं मत सांगून टाकतो. इंजिन हिरोशिमाच्या कारखान्यातून निघालं तसंच असेल, तर त्याचा कॉम्प्युटर बदलू नये. ‘पिकअप वाढेल’ एवढ्या आशेवर हा खर्च आणि खटाटोप करण्यात अर्थ नाही. गरज पडते ती इंजिनाला टर्बो किंवा सुपरचार्जर जोडल्यावर. १.६ लिटरच्या मियातातली मूळ कोष्टकं चिपमध्ये कायमची कोरलेली असतात, लॅपटॉप लावून ती बदलता येत नाहीत. टर्बो ठासून हवा भरू लागला, तरी जुना कॉम्प्युटर जुन्याच इंजिनाचा हिशेब करत राहतो.

त्याला हवेची खबर कशी मिळते, ते नीट बघण्यासारखं आहे. बोनेट उघडलं की एअर फिल्टरच्या पुढे ॲल्युमिनियमची एक चौकोनी पेटी दिसते. तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर झुलणारी एक झापड असते. इंजिनाने हवा ओढली की झापड मागे ढकलली जाते. ती किती ढकलली गेली, त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि किती हवा आत चालली आहे ते कॉम्प्युटरला कळतं. झापड पूर्ण उघडली की मात्र मोजपट्टी संपली. त्यानंतर कितीही जास्त हवा गेली, तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती नसतेच. टर्बोवाल्याला ही पेटी काढून टाकायची घाई असते ती यासाठी. शिवाय हवेच्या वाटेतला एक अडथळाही जातो.

पण काढण्याआधी एक प्रयोग जरूर करून बघा. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवा, फिल्टर बाजूला करा आणि बोटाने झापड हलकेच आत ढकला. मागच्या बाजूने, टाकीतून, पेट्रोल पंपाची घरघर ऐकू येईल. बोट काढलं की ती थांबते. त्या पेटीत हवा मोजण्याच्या सोयीबरोबर पंपाचा एक स्विचही बसवलेला आहे. इंजिन बंद पडलं की हवा थांबते, झापड मिटते आणि पंप बंद होतो. अपघातात इंजिन थांबलं आणि पेट्रोलची नळी फुटली, तरी पंप पेट्रोल फेकत राहू नये, ही काळजी त्यामागे आहे.

पेटी काढली की हा स्विचही जातो, आणि नवा ईसीयू बसवून कितीही स्टार्टर मारला तरी गाडी पकडत नाही. मग काही जण वैतागून पंपाला किल्लीवरून सरळ वीज देऊन मोकळे होतात. हे करू नका. पंपाच्या रिलेची वायर नव्या ईसीयूच्या आउटपुटला जोडायची. इंजिन फिरत असल्याची खूण मिळत असेपर्यंतच तो पंप चालू ठेवतो आणि ती खूण बंद होताच पंप तोडतो. कारखान्याने झापडीकडून करवून घेतलेलं काम आता आपण प्रोग्रॅमकडून करवून घेतो.

त्याच पेटीत हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही असतो. तोही जातो, म्हणून इनटेकच्या नळीत वेगळा बसवावा लागतो. थ्रॉटलवरच्या सेन्सरचीही गंमत आहे. हाती गिअर टाकायच्या १.६ लिटर गाड्यांत तो सेन्सर नसतोच, असतो तो निव्वळ स्विच. पाय पूर्ण उचललेला आहे किंवा पूर्ण दाबलेला आहे, एवढंच तो सांगतो, मधलं काही नाही. ॲक्सिलरेटर किती झपाट्याने दाबला ते कळल्याशिवाय नव्या ईसीयूला आयत्या वेळी जादा पेट्रोल सोडणं अवघड जातं. त्यावर उपाय म्हणजे मधले सगळे टप्पे सांगणारा सेन्सर लावायचा. याच गाडीच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये तो होता.

आता झापड नसताना हवा मोजायची कशी? मोजायची नाही, काढायची, गणिताने. इंजिन १५९७ घन सेंटिमीटरचं आहे, सिलिंडर चार, म्हणजे एकेकात साधारण ४०० घन सेंटिमीटर. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान कळलं की शाळेत शिकलेला वायूंचा नियम लावून हवेचं वजन निघतं. समुद्रसपाटीच्या दाबाची, २५ अंश तापमानाची हवा सिलिंडरमध्ये पूर्ण भरली, तर तिचं वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडं कमी भरतं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका स्फोटाला सुमारे ३२ मिलिग्रॅम पेट्रोल पुरतं, जेमतेम एक थेंब. हा थेंब ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा मापून टाकायचा असतो.

हे गणित सोपं दिसतं, पण सिलिंडर कधी पूर्ण भरतो आणि कधी अपुरा, हे कुठल्याच सूत्रात बसत नाही. ते व्हॉल्व्हवर, मॅनिफोल्डच्या लांबीवर, एक्झॉस्टवर आणि वेगावर अवलंबून असतं. म्हणून ईसीयूत एक कोष्टक असतं. आडवा आरपीएम, उभा दाब, आणि घराघरात सिलिंडर किती टक्के भरला तो आकडा. ट्यूनर मंडळी त्याला व्हीई टेबल म्हणतात. सोळा गुणिले सोळाचं कोष्टक असेल, तर २५६ घरं भरायची. झापड होती तेव्हा आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली जायची, त्यामुळे या कोष्टकाची गरज नव्हती. आता घरातला आकडा चुकला तर ईसीयू मुकाट्याने तेवढंच चुकीचं पेट्रोल सोडेल. भर वेगात, पूर्ण दाबावर मिश्रण पातळ पडलं, तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका, सुरू होऊन पिस्टन निकामी व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावल्याशिवाय या कामाला हात घालू नये. गाडीतला मूळ सेन्सर मिश्रण दाट आहे की पातळ एवढंच सांगतो. किती दाट, किती पातळ, हे वाइडबँड सांगतो.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की तो साडेतेराच्या आसपास उतरतो. म्हणून जाणकार लॅम्डात बोलतात. इंधन कुठलंही असो, हवा आणि इंधनाचा हिशेब तंतोतंत जुळला की लॅम्डा १.

पेट्रोलचं इतकं सांगितलं, पण मला जास्त काळजी स्पार्कची वाटते. बसवणाऱ्यांची जी घाई होते, ती इथेच होते. इंजिन नेमकं कुठल्या अंशावर आहे, ते सांगणारा सेन्सर मियातात सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर असतो. त्याचा बोल्ट सैल करून तो हाताने फिरवता येतो आणि फिरवला की टायमिंग बदलतं. कारखान्याचं मूळ माप १० अंश, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचायच्या १० अंश आधी ठिणगी. पण जरा जास्त जोर मिळावा म्हणून ते १४ अंशांवर नेण्याची पद्धत मियातावाल्यांत जुनी आहे. आधीच्या मालकाने काय केलं असेल, याचा भरवसा नाही. तेव्हा जुना कॉम्प्युटर जागेवर असतानाच टायमिंग लाइट लावा आणि सेन्सर १० अंशांवर आणून बोल्ट घट्ट करा.

नवा ईसीयू बसल्यावर पुन्हा तेच करायचं. प्रोग्रॅममध्ये स्पार्क १० अंशांवर गोठवून ठेवायचा, टायमिंग लाइटची क्लिप पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावायची आणि उजेड क्रँकच्या पुलीवर मारायचा. पुलीवरची खाच दिव्याच्या लखलखाटात थिजल्यासारखी दिसते. पडद्यावर १० आणि खाच १६वर, असं दिसलं तर समजा की तुमचं अख्खं स्पार्कचं कोष्टक सहा अंशांनी खोटं बोलतं आहे. कोष्टक कुणाचंही असो, कितीही नावाजलेल्या ट्यूनरकडून आणलेलं असो. प्रोग्रॅममधला ऑफसेट बदलत जायचं, खाच दहावर येईपर्यंत. मग इंजिन तीन-चार हजारांवर नेऊन खाच जागची हलते का ते बघायचं. हलली, तर बहुधा सेन्सरच्या सिग्नलची चुकीची कड पकडली जाते आहे. ६००० आरपीएमला क्रँक एका सेकंदात ३६,००० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला २८ मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

दिवा साधाच घ्या. या गाडीत एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते, त्यातली एक एक्झॉस्टच्या वेळी वाया जाते. अंश बदलायची चकती असलेले काही दिवे या जादा ठिणगीने फसतात आणि दुप्पट आकडा दाखवतात.

वायरिंगबद्दल थोडक्यात. ईसीयूची अर्थ थेट इंजिनाच्या ब्लॉकवर घ्या, बॉडीच्या रंगावर नको. सेन्सरची अर्थ वेगळी ठेवा. कॅमच्या सेन्सरची वायर शील्ड असलेलीच हवी आणि ती कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या, नाहीतर ठिणगीचा गोंगाट त्यात शिरून इंजिन मधेच चुकल्यासारखं करेल. पहिल्यांदा स्टार्टर मारताना इंजेक्टरांचे प्लग काढून ठेवा आणि पडद्यावर आरपीएम स्थिर दिसतो का तेवढंच बघा. तो उड्या मारत असेल, तर पुढे जाऊ नका.

हे सगळं घरच्या घरी करायची वाट खुली झाली ती २००१च्या सुमारास. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकी अभियंत्यांनी मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू सुट्या भागांच्या रूपात लोकांना दिला. बोर्ड स्वतः सोल्डर करायचा आणि गाडीत बसवायचा. ऑस्ट्रेलियातले हॉलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक, हे तयार ईसीयू बनवणारे. पण आपण बसवलेल्या बोर्डवरचा कुठला भाग काय करतो हे कळण्याचं सुख मेगास्क्वर्टने हजारो सामान्य माणसांना दिलं, आणि या क्षेत्रातलं ते मोठं काम आहे असं मी मानतो.

पुण्या-मुंबईत हे काम जवळून बघायचं असेल, तर अभियांत्रिकीच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांना भेटा. अनेक संघ केटीएम ३९०चं इंजिन वापरतात, जे बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पेट्रोलवरच्या इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून ओढावी लागते. एवढं तोंड आवळल्यावर कंपनीचं कोष्टक उपयोगाचं राहत नाही आणि मुलांना बाहेरचा ईसीयू घेऊन घराघरातला आकडा स्वतः शोधावा लागतो.

रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न वेगळा. कॅलिफोर्नियात हवा मंडळाची मंजुरी नसलेला ईसीयू रस्त्यावर चालत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल त्यानुसार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. धुराचे नियम आहेतच. तेव्हा असली गाडी ट्रॅकपुरती ठेवा.

पुढच्या आठवड्यात कोष्टकाची ही २५६ घरं डायनोवर, म्हणजे इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, कशी भरतात ते पाहू. तोवर काम सुरू केलेल्यांना एक विनंती. जुना कॉम्प्युटर आणि झापडीची पेटी विकू नका, आणि मूळ हार्नेसची एकही वायर कापू नका. मूळ प्लगला जोडता येणारी ॲडॉप्टर वायर घ्या. गाडी पकडेनाशी झाली, तर जुना डबा लावून पाहिल्याने दोष नव्या ईसीयूत आहे की इंजिनात, ते दहा मिनिटांत कळतं.