मधुमालती (लेखांक सहावा) : वेल मागितली, झुडूप आलं

या आठवड्यात छाटणीवर लिहीन असं कबूल केलं होतं. पण कात्री अजून आठ दिवस खुंटीलाच राहू दे. चिपळूणहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर देण्याआधी छाटणी शिकवली, तर निदान त्यांच्या अंगणात तरी भलतंच काहीतरी कापलं जाईल.

ताई लिहितात की त्यांनी आषाढात मधुमालतीचं रोप आणलं. चार महिन्यांत ते कमरेएवढं झालं, पानं टवटवीत आहेत, कीड नाही. पण शेजारी बांधलेल्या ताटीकडे ते ढुंकूनही बघत नाही. सगळीकडून फुटून नुसतं गोल झुडूप झालं आहे. ‘रोपवाटिकेत वेल मागितली आणि गळ्यात झुडूप मारलं, असं घरातले सगळे म्हणतात. उपटून टाकू का?’

ताई, उपटू नका. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. मधुमालतीचं बालपण असंच असतं.

गोकर्णाचं बी पेरलं तर दोनचार पानं येताच शेंडा आधार शोधू लागतो. कारल्याची वेल पहिल्या महिन्यातच तणावे सोडते. मधुमालती तसं करत नाही. ती सुरुवातीला स्वतःच्या पायावर उभी राहते. आखूड पेरांच्या, आडव्यातिडव्या फांद्या काढते आणि मुळं खोल घालते. ही तयारी काही महिने चालते. मग एके दिवशी बुडाजवळून एक वेगळाच फुटवा निघतो. तो सरळ, लांब पेरांचा असतो, आणि जुन्या फांद्या सहा महिन्यांत वाढल्या नसतील तेवढा तो पावसाळ्यातल्या पंधरवड्यात वाढतो. हीच तुमची वेल. पुढचा सगळा मांडव ती आणि तिच्या बहिणी व्यापतात. आधीचं झुडूप हळूहळू मागे पडतं, कित्येकदा वाळूनही जातं.

माझ्या पहिल्या मधुमालतीला मी हाच फुटवा खुडला होता. गुलाबाच्या कलमाखालून जंगली फुटवे येतात आणि ते काढायचे असतात, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. मधुमालतीचाही तसाच समजून मी तो मुळापासून काढला. दुसरा आला, तोही काढला. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी मी जून-जुलै गावी नव्हतो. परत आलो तेव्हा वेल गच्चीच्या कठड्याला पोचली होती. म्हणून म्हणतो, आधी हा फुटवा ओळखायला शिका, मग कात्री हातात घ्या.

तुम्हाला पडलेला प्रश्न जुना आहे, आणि तो या वेलीच्या नावातच जाऊन बसला आहे. सतराव्या शतकात अंबोन बेटावर रुम्फियस नावाचा माणूस राहत होता. जन्मानं जर्मन, चाकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची, आणि ध्यास तिथल्या झाडापेडांचा. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी इतरांच्या मदतीनं त्यानं आपला वनस्पतिग्रंथ पुरा केला. तो छापून येऊ लागला १७४१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. या वेलीचं मलय नाव ‘उदानी’. ते डच कानाला ‘कसलं?’ अशा अर्थाच्या शब्दासारखं ऐकू येई, आणि त्यावरून रुम्फियसनं लॅटिन नाव केलं ‘क्विस क्वालिस’ : कोण? कशी? दुसरं कारण सांगतात ते असं, की आधी झुडूप आणि मग वेल हे तिचं रूपांतर पाहून माणूस हेच विचारणार. पुढे १७६२ मध्ये लिनिअसनं तेच नाव कायम केलं : क्विसक्वालिस इंडिका. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला कॉम्ब्रेटम या कुळबंधूंत नेऊन बसवलं आहे आणि तिचं आजचं नाव आहे कॉम्ब्रेटम इंडिकम. मला जुनं नावच आवडतं. संध्याकाळी पांढरं उमलून पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होणाऱ्या फुलाला दुसरं काय म्हणायचं?

आता झुडपाची वेल झाली तरी ती चढते कशी? हिला तणावे नाहीत, भिंतीला चिकटणारी मुळंही नाहीत. हिचं साधन पानाच्या देठात आहे. पान गळतं तेव्हा देठ पुरता गळून पडत नाही. त्याचा खालचा तुकडा फांदीवरच राहतो, वाळतो, टणक होतो आणि त्याचा काटा बनतो. कोवळी फांदी जाळीतून, फांद्यांतून वर घुसते. मागे पानं गळून हे काटे तयार होतात आणि वेल घसरत नाही. हिरव्या चाफ्याचा फुलाचा देठ जसा वाकून आकडा होतो, तसंच हे, फक्त इथे काम गळलेल्या पानाकडून होतं. एखादी जुनी फांदी हलक्या हातानं चाचपून पाहा. छाटणीच्या वेळी जाड हातमोजे का लागतात तेही कळेल.

तर ताई, तुमच्यासाठी एवढंच. आता थंडी आहे, वाढ मंदावेल, काही पानं पिवळी पडतील. घाबरून खताचा मारा करू नका. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. तुमच्याकडे जांभ्याची जमीन असेल, तर बुडाशी शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. मात्र पावसाळ्यात आळ्यात पाणी साचू देऊ नका. दिवसाचं पाचसहा तास ऊन मिळतं का ते बघा, सावलीत ही वेल फुलांना कंजूष होते. फाल्गुनात ऊन तापू लागलं की बुडावर नजर ठेवा. तो लांब पेरांचा फुटवा दिसला की त्याला सुतळीनं सैल बांधून ताटीवर न्या. आणि ती बांबूची ताटी त्याआधी बदला. पाचव्या वर्षी या वेलीचं ओझं लोखंडी पाइपच पेलू शकतो.

छाटणी पुढच्या आठवड्यात, नक्की. या वेलीला फुलं येतात ती नव्या फुटीवर, आणि माघाला अजून अवकाश आहे, तेव्हा उशीर झालेला नाही. तोवर ज्यांच्याकडे वाढलेली मधुमालती आहे त्यांनी एक काम करावं : बुडाशी बसून, यंदाचे फुटवे कोणते आणि पहिल्या झुडपाचं वाळकं लाकूड कोणतं, ते ओळखून त्या वाळक्या लाकडाला लाल दोरा बांधून ठेवावा. कात्री तिथूनच सुरू करायची आहे.