टू-टू रायफलीला दुर्बीण कोणती घ्यावी?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, देवास, धार येथील जुन्या घराण्यांत खंडेनवमीला शस्त्रे मांडली जातात, तेव्हा तलवारी-पट्ट्यांच्या शेजारी एखादी टू-टू रायफलही गंधफूल लेऊन बसलेली दिसते. संस्थानी अमदानीत मोठ्या बंदुका रानातल्या सावजासाठी आणि ही लहान रायफल घरच्या मुलांचा हात बसावा म्हणून, अशी वाटणी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ते दार जवळजवळ पुरतेच बंद झाले. मोठ्या बंदुका मुक्या झाल्या. चांदमारीची ही लहान रायफल मात्र बोलती राहिली, आणि आता नातवंडे तिच्याकडे वळली आहेत. अशा घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : हिला दुर्बीण बसवावी काय, आणि बसवायची तर कोणती?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दुकानात गेले की सर्वांत लांब, सर्वांत जाड आणि सर्वांत मोठा आकडा मिरवणारी दुर्बीण मन वेधून घेते. पैसे मोजून ती घरी आणावी, रायफलीवर चढवावी, आणि नेम पूर्वीपेक्षा वाईट लागावा, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. दोष रायफलीचा नसतो, दुर्बिणीचाही नसतो. जोडी विजोड असते.

या रायफलीचा स्वभाव प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. हिच्या काडतुसाच्या बुडाची जी कड असते, तिच्यात पेट घेणारा मसाला भरलेला असतो व आघात मधोमध न होता त्या कडेवर होतो. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात उडवायची असली इवलीशी काडतुसे काढली. आज सर्वत्र चालणारे ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणले. गोळी चाळीस ग्रेन वजनाची. नेमबाजीच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला सुमारे १,०७० फूट, म्हणजे आवाजाच्या वेगाहून थोडा कमी. धक्का नाममात्र. ही रायफल मुख्यतः पंचवीस ते शंभर वारांच्या आतली आहे, आणि दुर्बीण निवडताना हेच अंतर डोळ्यांपुढे ठेवावयाचे.

दुर्बीण हवीच कशाला, असे कोणी विचारील. तरुणाला कदाचित नसेलही. उघड्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन वस्तू तीन अंतरांवर असतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. विशीतला डोळा झटपट इकडून तिकडे जातो म्हणून ही उणीव जाणवत नाही. चाळिशी लागली की माशी पुसट होऊ लागते, आणि साठीनंतर तर खाच, माशी व लक्ष्य यांची गाठ पडेनाशी होते. दुर्बिणीत लक्ष्य आणि फुली एकाच प्रतलात दिसतात. नजर अधू झाल्यामुळे ज्या आजोबांनी रायफल खुंटीला लावली, त्यांना ती पुन्हा हाती घेता येते. दुर्बिणीचा हा उपकार मोठा आहे. मात्र थरथरणारा हात ती स्थिर करीत नाही. उलट त्याची थरथर चौपट किंवा नऊपट करून दाखवते.

निवडीतली पहिली कसोटी शक्तीची नव्हे, तर पॅरलॅक्सची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बाजूने पाहिले की मिनिटकाटा पुढेमागे सरकलेला दिसतो, तोच हा प्रकार. दुर्बीण ज्या अंतरासाठी जुळवलेली असते, त्याखेरीज इतर अंतरांवर डोळा किंचित हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा शंभर किंवा दीडशे वारांवर जुळवलेल्या असतात. टू-टूसाठी केलेल्या बहुधा पन्नास-साठ वारांवर. फरक किती पडतो, हे हिशेबाने पाहता येते. पुढचे भिंग बत्तीस मिलिमीटरचे, जुळणी दीडशे वारांची आणि लक्ष्य पन्नास वारांवर असेल, तर डोळा अगदी कडेला गेल्यास सुमारे साडेदहा मिलिमीटरची चूक होऊ शकते. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ सारे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते! म्हणजे फुली बरोबर मधोमध दिसत असताही दहा गुण हातचे जाऊ शकतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही दुर्बीण किती वारांवर जुळवलेली आहे? अंतर जुळवण्याची कडी स्वतः दुर्बिणीवरच असली तर उत्तमच.

त्यानंतर शक्ती. चारपट दाखवणारी स्थिर दुर्बीण पन्नास वारांपर्यंतच्या साध्या सरावाला पुरते. तिच्यात फिरणारे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. बदलती शक्ती हवी असेल तर दोन ते सात किंवा तीन ते नऊ पट हा पल्ला टू-टूला शोभतो. टेबलावर रायफल टेकवून कागदाला बारीक भोके पाडण्याची ‘बेंचरेस्ट’ स्पर्धा निराळी; तेथे छत्तीसपट आणि त्याहून मोठ्या दुर्बिणी वापरतात, परंतु त्या हातात धरून नेम घेण्याच्या नव्हेत.

शक्ती वाढवली की प्रकाश घटतो, याचाही हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागावे. बत्तीसला चाराने भागले तर आठ येतात, म्हणजे डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत आठ मिलिमीटर रुंद. तीच दुर्बीण नऊ पटीवर नेली तर झोत जेमतेम साडेतीन मिलिमीटर उरतो. अंधारात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयस्काची पाचच्या आसपास. भर दुपारच्या चांदमारीत बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, म्हणून तेथे फार मोठ्या भिंगाचा उपयोग नाही. झोत रुंद असला की डोळा लावणे मात्र सोपे जाते, हा लाभ निराळा.

मोठ्या भिंगाचा आणखी एक तोटा आहे. ते नळीला लागू नये म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागते, आणि मग गाल दस्त्यावरून उचलला जातो. गालाला टेकू नसेल तर डोळा दर खेपेस नव्या जागी येतो, आणि वर सांगितलेली पॅरलॅक्सची चूक दुणावते. दुर्बीण जितकी नळीलगत बसेल तितके बरे. बोल्टची मूठ उचलताना तिला अडू नये, एवढे पाहावे. पुष्कळशा टू-टू रायफलींच्या माथ्यावर सुमारे अकरा मिलिमीटर रुंदीच्या खाचा असतात. त्यांत बसणाऱ्या कड्या मागाव्यात. कड्यांचा व्यास दुर्बिणीच्या नळीशी जुळला पाहिजे : जुन्या नळ्या पाऊण इंचाच्याही असत, हल्लीच्या बहुधा एक इंचाच्या किंवा तीस मिलिमीटरच्या असतात. खाचा नसलेल्या जुन्या रायफलीला भोके पाडण्याची घाई करू नये. परवानाधारक कारागिराचा सल्ला घ्यावा. आजोबांच्या हत्याराला पडलेले भोक बुजत नाही.

बसवताना पंचवीस वारांवर एक ओळंबा टांगावा आणि फुलीची उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवावी. फुली कलती राहिली तर अंतर बदलताच गोळी बाजूला जाऊ लागते. चष्मा असेल तो लावूनच डोळ्याजवळची कडी फिरवावी, निरभ्र आकाशाकडे क्षणभरच पाहावे आणि फुली लख्ख दिसते का ते ठरवावे. फार वेळ पाहिले तर डोळाच तडजोड करून घेतो. सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये.

नेम जुळवणे पन्नास वारांवर करावे. दुर्बिणीच्या बटणाची एक टिकटिक म्हणजे बहुधा शंभर वारांवर पाव इंच. पन्नास वारांवर तीच टिकटिक इंचाचा आठवा भाग होते, म्हणून गोळी अर्धा इंच खाली जात असेल तर दोन नव्हे, चार टिकटिकी द्याव्या लागतात. पन्नासवर जुळवलेली रायफल शंभर वारांवर सुमारे सहा-सात इंच खाली मारते, हे नवख्याला ठाऊक नसते आणि तो दुर्बिणीला बोल लावतो. दुर्बिणीवर सारे पैसे न उधळता काही काडतुसांसाठी राखावेत. प्रत्येक रायफलीला एखादे काडतूस विशेष मानवते, आणि ते चार-पाच प्रकार उडवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

घरात जुनी दुर्बीण असेल तर ती कातडी पिशवीत ठेवू नये. पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि भिंगांवर बुरशीचे जाळे पसरते; ते एकदा काचेत शिरले की जाता जात नाही. छर्‍याच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीवर मात्र टू-टूची नाजूक दुर्बीण चढवू नये. ती बंदूक आधी मागे व लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते, आणि मोठ्या रायफलीचा धक्का सोसणारी दुर्बीणही त्याने निकामी होते. तिच्यासाठी खास केलेलीच दुर्बीण घ्यावी.

आता घरातल्या ज्या मुलामुलींना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांच्याविषयी. ऑलिंपिकमधील पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत दुर्बिणीला मज्जाव आहे. तेथे बारीक छिद्राचा नेमच चालतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीवाचूनच. ज्या मुलाची वाट तिकडे जाते, त्याला पहिल्या वाढदिवशी दुर्बीण भेट देण्यापेक्षा चांगला शिक्षक मिळवून द्यावा. श्वास कोठे रोखावा, चाप कसा ओढावा, हे शिकून झाल्यावर हौसेसाठी दुर्बीण आलीच तर ती त्याला बिघडवणार नाही.

एक इशारा राहिला. दुर्बिणीत लक्ष्य मोठे दिसते, पण भोवतालचे दृश्य तोकडे होते; मागून कोण जाते ते दिसत नाही. टू-टूची इवलीशी गोळी मैलाहून अधिक लांब जाऊ शकते आणि पाण्यावरून वा दगडावरून उसळते. म्हणून मागे मातीचा भक्कम बांध असल्याखेरीज ती उडवू नये, आणि दूरचे काही नुसते न्याहाळायचे असेल तर रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहू नये. दुर्बिणीबरोबर नळीचे तोंडही तिकडे वळते. पाहण्यासाठी हातातली साधी दुर्बीण वेगळी ठेवावी.