वऱ्हाडातला हरवलेला र

परवा माझ्या नव्या कादंबरीतले 'वऱ्हाड' हरवले! आमचे जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी; इथल्या माणसाच्या लिखाणात वऱ्हाड पानोपानी येणारच. शब्द पडद्यावर स्वच्छ दिसत होता. पण संगणकाला शोधायला सांगितले, तर त्याला निम्म्याच जागा सापडल्या.

निम्मी प्रकरणे मी टाईप केली होती, निम्मी गावातल्या टायपिंगच्या दुकानातल्या मुलाने. त्याने पाहिले आणि हसून म्हणाला, "काकाजी, तुमचा र येगळा अन् माहा येगळा!"

बँकेत उभी नोकरी झाल्यामुळे मला हे कोडे खात्यांच्या हिशेबातच उलगडले. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांची एक प्रचंड खातेवही. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्याआधीचे आणि नंतरही बरीच वर्षे चाललेले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेत. एका शाखेतले मराठी पत्र दुसरीकडे उघडले की नुसता चिवडा दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा खाते क्रमांक दिला. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गाळा राखला. त्यात र २३५२ क्रमांकावर, ऱ २३५३, ल २३५४ आणि आमच्या जळगावातला ळ २३५५ वर. मराठीला हवा असलेला ॲ मात्र थेट २००८ साली आत आला. रुपयाचे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्याच ऑक्टोबरात त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. वेबपानाच्या संहितेत 'अँड'ची आणि हॅशची खूण, पुढे इंग्रजी अंकांत हा आकडा आणि शेवटी अर्धविराम दिला, की वाचकाच्या पडद्यावर ते चिन्ह उमटते.

आता आपला वऱ्हाडातला अर्धा र. तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ ला हलन्त देऊन. दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. त्याचा क्रमांक ८२०५. चेहरा तोच, खाती दोन! बँकेत आम्ही नमुना सही समोर धरून वळण ताडत असू. यंत्र वळण पाहतच नाही. ते फक्त क्रमांक पाहते.

वाचक म्हणतील, एवढ्याशा र चे काय एवढे? पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या आमच्या सातपुड्यातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते, आचाऱ्यांना मजुरी! शिवाय आता याद्या माणूस वाचत नाही, यंत्र चाळते. ज्याच्या आडनावात हा र आहे, त्याचे नाव यादीत डोळ्यांसमोर असूनही शोधात 'आढळले नाही' असे उत्तर आले, तर त्या बिचाऱ्याने कोणापुढे उभे राहायचे?

त्या मुलाने ऱ ची पहिली रीत कायम ठेवली आणि दुसरीचे सारे र एका दमात बदलून दिले. आता मीही तीच रीत पाळतो. वऱ्हाड निघताना माणसे मोजून घ्यावीत म्हणतात. अक्षरेही मोजून घ्यावीत, एवढे या वयात शिकलो.